चक्रीवादळांना नावं कोण देतं? नुसता नंबर दिला तर काय बिघडेल?

नंबरचं विचारलंत म्हणून लिहायला बसलो, नाहीतर नावांची यादी कुठेही मिळते.

अरबी समुद्रात किंवा बंगालच्या उपसागरात वादळ झालं की नाव जाहीर करतं दिल्लीचं हवामान खातं. चॅनेलवाले नाही. नावं आधीच ठरलेली असतात. 13 देश, प्रत्येकाची 13, एकूण 169. ही यादी एप्रिल 2020 ची. इंग्रजी आद्याक्षरांनुसार पहिला नंबर बांगलादेशचा, त्यांनी दिलेलं 'निसर्ग' त्याच जूनमध्ये रायगडच्या किनाऱ्यावर आलं. तौक्ते म्यानमारने दिलेलं.

त्या तौक्तेच्या वेळची, मे 2021 ची गोष्ट. ठाण्यात सावरकर नगरला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शेडचं काम अर्धवट पडलं होतं. पत्रे बोल्ट न आवळता नुसते विटांनी दाबलेले. आदल्या संध्याकाळी मी वॉचमनला दोरखंड देऊन वर पाठवलं. तेवढ्यात ग्रुपवर फॉरवर्ड आला, 'मुंबई-ठाण्यावरचं संकट टळलं, वादळ पुढे सरकलं.' सेक्रेटरींनी लगेच वॉचमनला खाली बोलावलं. मी मेसेज शेवटपर्यंत वाचला तर खाली चक्क 'निसर्ग चक्रीवादळ' लिहिलेलं. म्हणजे वर्षभर जुना! जिन्यात गाठून सांगितलं, "साहेब, हे गेल्या वर्षीचं. उद्याचं तौक्ते आहे." तर म्हणाले, "अहो, वादळ ते वादळ. नावाचं काय घेऊन बसलात?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन पत्रे उडाले. एक तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये उभा घुसला, काचा थेट पलंगावर. काकू स्वयंपाकघरात होत्या म्हणून वाचल्या. खर्च मेंटेनन्समधून झाला आणि मीटिंगच्या इतिवृत्तात 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहिलं गेलं. मी सही केली नाही, आजही करणार नाही.

म्हणून नाव लागतं. 2019 च्या ऑक्टोबरअखेरीस क्यार आणि महा अशी दोन वादळं एकाच वेळी अरबी समुद्रात होती. बोटीवरच्या माणसाने रेडिओवर ऐकून कुठला नंबर लक्षात ठेवायचा? अमेरिकेकडे हरिकेनच्या सहा याद्या आलटूनपालटून वापरतात, दर सहा वर्षांनी तीच नावं येतात, फक्त 2005 च्या कतरिनासारखं फार नुकसान करणारं नाव कायमचं काढून टाकतात. आपल्याकडे एकदा वापरलेलं नाव परत येतच नाही. त्यामुळे फॉरवर्डमध्ये जुनं नाव दिसलं की तो मेसेज जुना, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. वारा ताशी 62 किलोमीटरच्या आसपास गेल्याशिवाय नाव मिळत नाही, आणि नुसत्या पावसाला तर नाहीच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याला कुठलंही नाव नव्हतं. तेव्हा नाव नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आणि तुमच्या गच्चीवर पत्रे असतील तर एप्रिलमध्येच सेक्रेटरींना लेखी द्या, तारखेसकट पोच घ्या. ग्रुपवर लिहिलेलं आणि जिन्यात सांगितलेलं मीटिंगमध्ये कुणालाही आठवत नाही.