शाळेच्या बँडवरच्या ‘हिबिके! युफोनियम’ या अनिमेच्या (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेच्या) मूळ कादंबरीतही नायिका कुमिको शेवटची ऑडिशन हरते का?

नाही, कादंबरीत राष्ट्रीय स्पर्धेत युफोनियमचा (एक पितळी वाद्य) मुख्य भाग वाजवण्यासाठी निवड कुमिकोचीच होते. तिची हार ही अनिमेची भर. आयानो ताकेदा यांच्या कादंबरीत निर्णय बँडचे मार्गदर्शक ताकी सरांचा असतो. 2024च्या तिसऱ्या पर्वात, 12व्या भागात, कुमिकोची प्रतिस्पर्धी युफोनियमवादक मायू आणि कुमिको पडद्याआड वाजवतात, बँडची मतं समसमान पडतात आणि निर्णायक मत कुमिकोची जवळची मैत्रीण, ट्रम्पेटवादक रेनाचं. कोण कुमिको हे ओळखूनही ती मायूला निवडते. चाहते चिडले ते मुख्यतः इथेच: तीन वर्षं जपलेली मैत्री, आणि शेवटी हे!

मला मात्र हा बदल पटतो. 2015च्या पहिल्या पर्वात पहिल्या वर्षाच्या रेनाने ट्रम्पेटच्या सोलोसाठी तिसऱ्या वर्षाच्या काओरीला मागे टाकलं, तेव्हा कुमिको रेनाच्या बाजूने उभी होती. ‘जो चांगला वाजवेल तो’ हा नियम स्वतःवर उलटल्यावर ती काय करते, हे कादंबरीत इतक्या कठोरपणे तपासलं जात नाही. शिवाय तिथे मायूची बाजू लंगडी पडते.

एवढं लक्षात घ्या की मोठा शेवट बदललेला नाही. त्यांच्या शाळेला, किताउजीला, सुवर्ण मिळतं आणि कुमिको पुढे शिक्षिका होते, दोन्हीकडे.