आनंद वाटत नाही म्हणजे विश्वास कमी पडलाय का?

मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न मला ख्रिस्ती लोकांकडून इतक्या वेळा विचारला गेलाय की आता लिहूनच टाकते. विचारणारे वेगवेगळे असतात, कुणी तरुण, कुणी आजी झालेलं, कुणी तर स्वतः पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू, पण सूर एकच, "प्रभूवर विश्वास आहे, प्रार्थना करते, उपासना चुकवत नाही, मग आतून आनंद का वाटत नाही?" आणि लगेच पुढचं वाक्य, "माझंच काहीतरी चुकत असणार."

एका ताईंची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, गायनसंघात वीस वर्षं गाणाऱ्या. धाकटा भाऊ आजारपणात गेला. दुसऱ्याच रविवारी त्या पुढे उभ्या राहून गायल्या, सगळे म्हणाले काय विश्वास आहे बघा. माझ्याकडे आल्या तेव्हा या गोष्टीला आठ महिने झाले होते, आणि त्या अजून हसतच बोलत होत्या.

"मॅडम, तो प्रभूजवळ आहे, मग मी दुःख कशाला करायचं? पण गाते तेव्हा तोंड हलतं फक्त. मी ढोंगी झालेय का?"

मी विचारलं, "देवाशी शेवटचं खरं कधी बोललात?"

"रोज प्रार्थना करते की."

"प्रार्थना नाही, खरं."

त्या गप्प झाल्या. तो सेशन जवळजवळ तसाच संपला आणि मी तो संपू दिला, कारण माझा अनुभव असा की अशा शांततेत आपण घाईने बायबलचं वचन टाकलं की माणूस परत दार लावून घेतो.

आधी मी झोप, भूक, मरणाचे विचार याबद्दल सरळ विचारून घेतलं. ते तुम्हालाही सांगते, दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खचलेलं असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि जगणं नको वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, खायला भाकर आणि प्यायला पाणी दिलं, तो परत झोपला, मग परत उठवून खायला दिलं. हे बायबलच्या १ राजे या पुस्तकात १९ व्या अध्यायात आहे आणि मी ते फार वेळा वाचून दाखवते.

ताईंना डॉक्टरांची गरज नव्हती. त्यांना मी गृहपाठ दिला, बायबलमधलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र एका बैठकीत वाचा, चारच अध्याय आहेत. सगळे त्यात आनंदाखाली रेघा ओढतात, तुम्ही पौल जिथे दुःखी दिसतो तिथे ओढा.

पुढच्या वेळी आल्या त्या पुस्तक उघडं धरूनच. "मॅडम, पौल रडतो की हो!"

कैदेतून लिहिलेलं हे पत्र आनंदाचं म्हणून ओळखलं जातं, आणि त्याच पत्रात पौलाचा सहकारी एपफ्रदीत मरणाला टेकला होता, तो गेला असता तर मला दुःखावर दुःख झालं असतं असं पौल लिहितो, तिसऱ्या अध्यायात तर रडत सांगतो म्हणतो. वीस वर्षं त्या हे पत्र वाचत होत्या, त्या ओळी दिसल्याच नव्हत्या. पुस्तक मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "माझा एपफ्रदीत तर गेलाच." आणि मग आठ महिन्यांचं रडू बाहेर आलं. मी काही बोलले नाही.

नंतर त्यांनी स्वतःचं एक स्तोत्र लिहिलं, माझ्यासमोर वाचलं. पहिली ओळ होती, "प्रभू, तू त्याला बरं केलं नाहीस आणि मला तुझा राग आलाय." वाचून घाबरल्या. मी त्यांना बायबलमधलं ८८ वं स्तोत्र काढून दिलं, ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळ नाही, तरी ते १५० स्तोत्रांत ठेवलंय.

या कामातून मला समजलं ते हे, आणि मी ते ठामपणे सांगते. भावनांना वेगवेगळे नळ नसतात, दुःखाचा बंद केला की आनंदाचाही बंद होतो. आणि गलतीकरांस पत्रात आनंद हे आत्म्याचं फळ म्हटलंय, फळ काय रोज सकाळी ओढून मोठं करता येत नाही, त्याला मुळाशी ओल लागते. आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, त्याला उठवणार हे माहीत असूनही. मग पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्याने रडायचं नाही हे आपल्याला कुणी शिकवलं?

म्हणून तुम्ही यातून जात असाल तर प्रार्थनेत पाच मिनिटं फक्त खरं बोला, सजवू नका. एक माणूस असा शोधा जो ऐकून घेईल आणि वचन सांगायची घाई करणार नाही. आणि दुसऱ्याच्या घरी मयत झालं असेल तर "आनंद करा" म्हणू नका, पौलाने ते स्वतःच्या बेड्यांतून लिहिलंय, आपण ते दुसऱ्याच्या जखमेवर ठेवतो.

आणखी काही सेशननंतर ताई भाऊ किती बेसूर गायचा ते सांगताना मोठ्याने हसल्या, हसल्यावर दचकल्या, मग परत हसल्या. शेवटच्या भेटीत म्हणाल्या, "या रविवारी एका कडव्याला गळा दाटला, तर मी गप्प राहिले. बाकीच्यांनी गायलं. मी ऐकत उभी होते, आणि मॅडम, छान वाटलं."