वाचकांचे प्रश्न : बॅटरीच्या कारखान्यातून उभी राहिलेली मोटार कंपनी

प्रश्न : माझा मुलगा भोसरीतील एका लहान कारखान्यात ई-स्कूटरचे बॅटरी पॅक जोडण्याचे काम करतो. चीनची बीवायडी ही कंपनीदेखील अशाच छोट्या बॅटरी कारखान्यातून वर आली, असे तो सांगतो. हे कितपत खरे आहे? बॅटरी करणारा माणूस मोटारींच्या धंद्यात एवढा पुढे कसा गेला? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : आपले चिरंजीव सांगतात ते खरे आहे. कंपनीचे संस्थापक वांग चुआनफू यांचा जन्म १९६६ मध्ये आन्ह्वी प्रांतातील एका शेतकरी कुटुंबात झाला. किशोरवयातच आईवडिलांचे छत्र हरपल्यावर थोरल्या भावंडांनी त्यांना सांभाळले आणि शिकवले. बीजिंगच्या अलोह धातू संशोधन संस्थेत काम केल्यानंतर त्यांनी १९९५ मध्ये नात्यातल्या एका भावाकडून सुमारे २५ लाख युआन उभे करून, वीसेक माणसांसह शेन्झेन येथे पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांचा कारखाना काढला.

त्या काळी हा धंदा जपानी कंपन्यांच्या हातात होता आणि त्यांच्या स्वयंचलित यंत्रांची किंमत वांग यांना झेपणारी नव्हती. म्हणून त्यांनी बॅटरी बनवण्याची सगळी प्रक्रिया बारीक-बारीक टप्प्यांत तोडली, प्रत्येक टप्प्यासाठी साधी जिग-फिक्स्चर (काम करताना भाग जागच्या जागी धरून ठेवणारी साधने) करून घेतली आणि जिथे यंत्र लागले असते तिथे माणसे बसवली. संपूर्ण दालन धूळमुक्त ठेवण्याचा खर्च परवडत नसल्याने त्यांनी बंद पेट्या तयार केल्या. कामगार बाहेर बसून, पेटीला जोडलेल्या हातमोज्यांत हात घालून आतले काम करीत. मला या साऱ्या वाटचालीत हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण प्रक्रिया अशी तोडायची तर आत काय घडते, कुठे दमटपणा चालत नाही आणि कुठे चालतो, हे मुळापासून ठाऊक असावे लागते. स्वस्त मजूर चीनमध्ये इतरांनाही उपलब्ध होते. हे ज्ञान मात्र फार थोड्यांपाशी होते. पुढे मोटोरोला आणि नोकिया त्यांचे ग्राहक झाले आणि २००२ मध्ये कंपनीची हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदणी झाली.

पुढच्याच वर्षी वांग यांनी शीआनमधील छिनच्वान ही डबघाईला आलेली मोटार कंपनी विकत घेतली. गुंतवणूकदारांना हे मुळीच रुचले नाही आणि शेअरचा भाव कोसळला. २००५ मध्ये आलेली एफ-३ ही मोटार पेट्रोलवर चालणारी होती आणि तिचे रूप टोयोटाच्या कोरोलाशी इतके जुळणारे होते, की त्यावर टीका होणे स्वाभाविकच होते. पण तिच्या विक्रीने कंपनीला तग धरता आला. २००८ मध्ये अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्या कंपनीने सुमारे २३ कोटी डॉलर गुंतवले आणि त्याच वर्षाअखेरीस बीवायडीची प्लग-इन हायब्रिड मोटार (इंजिन आणि बाहेरून चार्ज करता येणारी बॅटरी दोन्ही असलेली) बाजारात आली.

चीन सरकारचा हातभार वगळून ही कथा सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ग्राहकांना अनेक वर्षे खरेदी अनुदान मिळाले, आणि २०१७ अखेर शेन्झेन शहराने आपल्या १६ हजारांहून अधिक बसगाड्यांचा संपूर्ण ताफा विजेवर नेला, त्यांतील बहुसंख्य बस याच कंपनीच्या होत्या. २०१९ मध्ये अनुदान घटताच नफाही घसरला, यावरून त्या आधाराचे वजन कळते. मार्च २०२२ मध्ये कंपनीने निव्वळ पेट्रोलवरच्या गाड्या बनवणे थांबवले. २०२४ मध्ये तिने ४२ लाखांहून अधिक वाहने विकली, मात्र त्यांपैकी निम्म्याहून जास्त प्लग-इन हायब्रिड होती. केवळ विजेवर धावणाऱ्या गाड्यांच्या वार्षिक विक्रीत तिने अमेरिकेच्या टेस्ला कंपनीला मागे टाकले ते २०२५ मध्ये.

आपल्या चिरंजीवांच्या कामाशी तुलना करताना एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडचे बहुतेक लहान कारखाने आयात केलेले सेल (वीज साठवणारे बॅटरीचे मूळ घटक) जोडून पॅक तयार करतात; वांग यांनी पहिल्या दिवसापासून सेलच बनवला. पॅकच्या कामातून वायरिंग, तापमान-नियंत्रण आणि बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) यांची चांगली जाण येते, पण सेलचे रसायन शिकण्याची संधी मिळाली तर त्यांनी ती जरूर घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी रोज पीएमपीएमएलच्या ई-बसने जाते. तिच्यात याच कंपनीची ‘ब्लेड’ बॅटरी आहे का? ती पेट घेत नाही म्हणतात. – एक वाचक, कोथरूड

उत्तर : पुण्यात २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या ई-बस हैदराबादच्या ऑलेक्ट्रा कंपनीने बीवायडीच्या तंत्रज्ञानाने बनवल्या होत्या. ब्लेड बॅटरी मार्च २०२० मध्ये जाहीर झाली, त्यामुळे त्या बसगाड्यांत ती नव्हती. तिचे लिथियम-आयर्न-फॉस्फेट हे रसायन मात्र त्यांच्यातही होते. निकेल असलेल्या सेलच्या तुलनेत हे रसायन सहजासहजी भडकत नाही. ब्लेडमधला सेल सुमारे ९६ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम दीड सेंटीमीटर जाड असतो, म्हणून उष्णता लवकर बाहेर पडते. कंपनीने स्वतःच केलेल्या चाचणीत सेलवर अंडे ठेवून सेलमध्ये खिळा ठोकला, तेव्हा ब्लेडवरचे अंडे शिजलेसुद्धा नाही. निकेलच्या सेलने मात्र जोरात पेट घेतला. तरीही कोणतीही बॅटरी कधीच पेटणार नाही असे म्हणता येत नाही. बसमध्ये जळका वास किंवा धूर जाणवल्यास लगेच चालकाला सांगावे आणि बस थांबताच खाली उतरून दूर जावे.