तंबोरा मुलीच्या उंचीवर नाही, पट्टीवर घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी १३ वर्षांची, काळी चारमध्ये गाते (म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा तिचा सा), आणि दुकानदार म्हणतो की उंची वाढणारच आहे, मोठाच तंबोरा घेऊन टाका. हे वाचून राहवलं नाही. आमच्या धाकटीच्या वेळी हेच ऐकवलं होतं.

आधी सांगते, मी कारागीर नाही आणि गाणं शिकवतही नाही. पण तंबोऱ्याचा आकार गाणाऱ्याच्या पट्टीवरून, म्हणजे त्याचा सा कुठल्या सुरावर आहे त्यावरून ठरतो, उंचीवरून नाही. जेंट्स तंबोरा साधारण पाच फुटी, काळी एक-काळी दोनला खुलतो. लेडीज त्याहून आखूड, काळी तीन ते काळी पाचसाठी.

आम्हाला इथल्याच एका दुकानाने (नाव लिहीत नाही) जेंट्स तंबोरा दिला आणि सांगितलं, खुंट्या पिळा, काळी चार होईल. त्याच तारा काळी एकवरून काळी चारला न्यायच्या म्हणजे सा वरून पंचमाला. कंपनं दीडपट होतात आणि तारेवरचा ताण सव्वादोन पट. खुंट्या घसरायच्या, जोडीची (मधल्या दोनांपैकी) तार तुटायची. तक्रार केली तर म्हणाले बारीक तारा लावा. लावल्या, तर ताण उतरला पण नाद गेला, जवारी (घोडीवरून तारेला येणारी झणकार) बसेना. बदलून मागितला तर "वापरलेला माल परत नाही". हे सगळं मी सोडून दिलं असतं. पण तंबोरा काळी दोनच्या वर टिकेना, म्हणून पोरगी काळी दोनमध्ये गायला लागली. मंद्रात, खालच्या सुरांत, आवाज दबायचा, घसा धरायचा. वाद्याने गाणाऱ्याच्या मागे जायचं असतं, हे वाद्य विकणाऱ्याला सांगावं लागतं याचा मला अजून राग येतो.

माझं मत विचाराल तर सरळ मिरजेला, सतारमेकर गल्लीत जा. मुलीला सोबत न्या, गुरुजींकडून पट्टी पक्की करून घ्या. काळी चारला समोर लावून घ्या आणि थोडा वेळ तसाच राहू द्या. मग पहिली तार पंचमावरून मध्यमाला, नंतर निषादाला लावून बघा. निषादाला खुंटी घसरत असेल तर घेऊ नका. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकन पट्टी बघत नाही, ती तुम्हीच बघायची. (त्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, पंढरपूर-मंगळवेढा भागातले. वाटेत मंगळवेढा लागेलच.)

कुणाच्या मुलासाठी घ्यायचा असेल तर आवाज फुटेपर्यंत थांबा, पट्टी पार बदलते. तोवर इलेक्ट्रॉनिक तानपुरा पुरतो.

आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याचं. कूलरच्या झोताखाली तंबोरा ठेवू नका, ओलाव्याने तारा गंजतात. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत तर अजिबात नको, भोपळा तडकू शकतो. मिरजेहून आणताना सकाळी लवकर निघा.