आधी जेवतानाचा मोबाइल सोडव

अगं, लेकाची मोबाइल बघायची सवय सोडवायचीय म्हणतेस ना, मग सगळं एकदम बंद करायला जाऊ नकोस. आधी फक्त जेवतानाचा मोबाइल सोडव, कारण माझ्या मते सगळ्यात घट्ट सवय तीच असते. कार्टून बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळतच नाही आणि आपण भरवत राहतो. लेकाला तुमच्याबरोबर जेवायला बसव. ताटलीत वरणभात थोडाच वाढ, हाताने खाऊ दे. सांडलं तर सांडू दे. सुरुवातीला रडेल, दोन घास कमी जातील. पण निरोगी मूल भूक लागली की खातं, घाबरू नकोस. सासूबाईंशी मात्र आधीच बोलून ठेव, नाहीतर त्याचं रडणं न बघवून त्या फोन हातात देतील.

इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, २ वर्षांखाली स्क्रीन नकोच. २ ते ५ वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त १ तास. गावच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो.

तू पोळ्या करतेस तेव्हा त्याला कणकेचा गोळा आणि छोटं पोळपाट-लाटणं दे, मेथी निवडायला बसव. झोपण्याआधी तासभर घरातले सगळेच फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, त्याच्या बाबांचासुद्धा.