सासरे एकच, मग ‘दे’ का नाही?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही तारकर्लीला राहत्या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी शाळेत, इंग्रजी पाचवीपासून, तेव्हा पहिलीपासून नव्हतं. गेल्या सीझनला एक परदेशी जोडपं आलेलं, त्यांना देवबागच्या संगमावर जायचं होतं. मी सांगितलं, ‘माय फादर इन लॉ आर कमिंग, दे विल टेक यू इन देअर बोट.’ सासरे आले, होडी पुढ्यात उभी, तरी ते दोघं चढेचनात, सारखं रस्त्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं अजून माणसं यायचीत आणि होडी पण त्या माणसांची आहे. शेवटी माझी लेक म्हणाली, ‘आये, आजो एकच आसा मा, मगे ही म्हण.’ पण सासऱ्यांना ‘ही’ म्हणजे मला अरे-तुरे केल्यासारखं वाटतं, जीभच वळत नाही. काय करू?
– एक वाचक, तारकर्ली

उत्तर : वहिनी, तुमची जीभ वळत नाही यात तुमचं काही चुकलेलं नाही, आपण लहानपणापासून मान दिला तो अनेकवचनातूनच. ‘सासरे आले, त्यांनी त्यांची होडी काढली’, यात माणूस एकच पण शब्द सगळे अनेकवचनी, आणि ऐकणाऱ्या मराठी माणसाला कधी वाटत नाही की दहा सासरे आले. इंग्रजीत ही सोय ‘ही-शी’च्या बाबतीत नाहीच. तिथे राजा असो, मास्तर असो की होडीवाला, एक पुरुष म्हटला की ‘ही’, आणि त्यात अपमान अजिबात नाही. मान द्यायचा तो ‘सर’, ‘मिस्टर’, ‘प्लीज’ आणि बोलण्याच्या सुरातून.

पण एक गोष्ट तुम्हाला आवडेल. समोरच्या माणसाशी बोलताना इंग्रजीतही एके काळी अगदी आपल्यासारखं तू आणि तुम्ही होतं. ‘दाऊ’ म्हणजे तू, आणि अनेकांना ‘यू’. मग मोठ्या माणसाला एकट्यालाही ‘यू’ म्हणायची रीत पडली, आणि हळूहळू सगळेच सगळ्यांना ‘यू’ म्हणायला लागले, 17व्या शतकात ‘दाऊ’ रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलंच. म्हणून तर एकाच माणसालाही ‘यू आर’ म्हणतात, ‘यू इज’ नाही. ते ‘आर’ म्हणजे आपलं ‘तुम्ही आहात’च आहे बघा. म्हणजे पाहुण्यांना ‘यू’ म्हणता तेव्हा त्यात मान आधीच आलेला असतो. सासऱ्यांबद्दल तिसऱ्याला सांगताना मात्र तो सोडून द्यावा लागतो.

तर तुमचं वाक्य असं : ‘माय फादर इन लॉ इज कमिंग. ही विल टेक यू इन हिज बोट.’ तीन ठिकाणी बदल झाला, आर चं इज, दे चं ही, देअर चं हिज, पण हे तीन वेगळे नियम नाहीत, एकाच दोराला बांधलेल्या तीन होड्या आहेत, पहिली ओढली की मागच्या दोन्ही येणारच. माणूस एक की अनेक, पुरुष की बाई, एवढं एकदा मनात ठरवा, बाकीचं त्याच्या मागून येतं. (कोण माणूस तेच माहीत नसेल, समजा कोणीतरी छत्री विसरून गेलंय, तर ‘समवन लेफ्ट देअर अंब्रेला’ बरोबरच आहे, असं ‘दे’ इंग्रजीत 14व्या शतकापासून चालतंय. पण सासरे कोण ते तुम्हाला माहितीय.)

आता ‘त्याचा-तिची’ कडे येऊ, कारण मला वाटतं खरी गाठ इथेच बसते. मराठीत आपण एका शब्दात दोन बातम्या देतो. ‘त्याची होडी, त्याचं जाळं, त्याचा नांगर’, यात ‘त्या’ सांगतं मालक पुरुष आहे आणि ‘ची, चं, चा’ सांगतं वस्तू कुठल्या लिंगाची. इंग्रजी फक्त मालकाकडे बघते. हिज बोट, हिज नेट, हिज अँकर, दहा होड्या असल्या तरी हिजच. होडी सासूबाईंच्या नावावर असेल तर हर, आणि संपलं.

दुसरं म्हणजे आपला हा जो ‘आपला’ आहे ना, तो इंग्रजीत नाही. ‘सासऱ्यांनी आपली होडी विकली’ म्हटलं की स्वतःचीच, शंका नाही. ‘ही सोल्ड हिज बोट’ मध्ये होडी स्वतःची की शेजारच्याची ते मागच्यापुढच्या बोलण्यावरून समजून घ्यायचं, अगदीच घोळ होईल असं वाटलं तर ‘हिज ओन बोट’ म्हणा. याबाबतीत आपली भाषा जास्त नेमकी आहे असं मला मनापासून वाटतं.

आणि उलट, आपण जिथे काहीच लावत नाही तिथे इंग्रजी मालक लावते. पडवीत तुम्ही पाहुण्यांना सांगणार, ‘चपला बाहेर काढा, हात धुऊन घ्या, पानं वाढलीत.’ कोणाच्या चपला, कोणाचे हात, मराठीत विचारायचं कारणच नाही. इंग्रजीत, ‘प्लीज लीव्ह युवर शूज आउटसाइड, वॉश युवर हँड्स.’ हे ‘युवर’ राहून गेलं तरी पाहुणे समजून घेतात, पण लावलंत की वाक्य एकदम सरळ वाटतं.

प्रश्न : मी देवगडला नववीत आहे. ‘शी डझ नॉट गोज’ मध्ये सरांनी गोज खोडलं. ‘शी गोज’ बरोबर मग हे का नाही? आणि ‘मला दोन भाऊ आहेत’चं मी ‘टू मी टू ब्रदर्स आर’ केलं, तर वर्ग हसला.

उत्तर : हसू दे बाळा, तू शब्द न् शब्द नीट लावलास, फक्त इंग्रजीची मांडणी वेगळी पडते. आपलं क्रियापद भूतकाळात खाल्लेल्या वस्तूकडे बघतं : मी आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, केळं खाल्लं. खाणारा तोच, वस्तू बदलली की शेवट बदलला. इंग्रजीत तिन्हीला ‘एट’, ते वस्तूकडे ढुंकूनही बघत नाही. ते बघतं करणाऱ्याकडे, आणि ते सुद्धा मुख्यतः वर्तमानकाळात, ही, शी, इट किंवा एकाच माणसाचं नाव असलं की शेवटी ‘स’ नाहीतर ‘झ’ लागतो. पण एका वाक्यात तो एकदाच. ‘शी गोज’ मध्ये तो ‘गो’ला लागला, ‘डझ’ आलं की तो तिथे गेला, आता ‘गो’ मोकळं : ‘शी डझ नॉट गो.’

भावांचंही तसंच. मला भाऊ आहेत, माझ्याकडे पाच पेट्या आहेत, मला ताप आहे, मालवणीत माका दोन भाव आसत, सगळीकडे आपलं ‘आहे’ भावांकडे, पेट्यांकडे, तापाकडे बघतं. इंग्रजी ज्याचं आहे त्यालाच पुढे बसवते : ‘आय हॅव टू ब्रदर्स.’ आणि बहिणीबद्दल सांगशील तेव्हा ‘शी हॅज टू ब्रदर्स’, भाऊ दोन म्हणून ‘हॅव’ करू नकोस, बहीण एकच आहे.

प्रश्न : मी वेंगुर्ल्यात बोर्ड रंगवतो. ‘इट्स’ मध्ये वरचा स्वल्पविराम कधी द्यायचा? गिऱ्हाईक एक सांगतं, त्याचा मुलगा दुसरं.

उत्तर : ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ आखडून लिहिलं असेल तरच द्या. ‘त्याचं’ या अर्थी असेल तर नाही, जसा हिज ला नसतो, अवर्स ला नसतो, तसाच याला नाही. गोंधळ होण्याचं कारण पण आहे, रामाज शॉप लिहिताना तो द्यावा लागतो, मग हात आपोआप इथेही जातो. आणि हा शब्द तसा नवा आहे, 1611 साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये तो नव्हताच, वस्तूंनाही ‘हिज’ चालायचं. ब्रश टेकवायच्या आधी त्या जागी ‘इट इज’ वाचून बघा. ‘द हॉटेल अँड इट इज गार्डन’, जमत नाही, तर स्वल्पविराम नको. ‘इट इज ओपन’, जमलं, द्या.