घास तोंडात, नजर मोबाइलवर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सातपूरला कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो. रात्री उशिरा घरी येऊन मोबाइल बघत जेवतो. गेले काही महिने भाजी अळणी लागते, वरून मीठ घ्यावं लागतं, लोणचं तर रोजच. घरच्यांना तीच भाजी बरोबर लागते. जिभेत काही दोष असेल का? (एक वाचक, सातपूर)

उत्तर : सकाळचा चहा आणि सुटीच्या दिवशी सगळ्यांबरोबरचं जेवण नेहमीसारखं लागत असेल, तर आधी मोबाइलवर संशय घ्या.

जिभेला खारट, गोड, आंबट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूममध्ये असते ती रुचकर चव) एवढ्याच चवी कळतात. जिऱ्याची फोडणी, गोडा मसाला, भाजलेलं खोबरं हे सारं कळतं ते चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासामुळे. नाक चिमटीत धरून बडीशेप चावून बघा, नुसता गोडसर चोथा लागेल. नाक सोडलं की त्याच क्षणी ती बडीशेप होते. पण जीभ आणि नाक निरोप देतात, तो घ्यायला मेंदू मोकळा हवा. नेदरलँड्समधल्या संशोधकांचे याविषयीचे प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. आकडे लक्षात ठेवायला सांगून लोकांना आंबट, गोड, खारट पदार्थ चाखायला दिले. ज्यांच्या डोक्याला जास्त काम होतं त्यांना चव फिकी लागली, त्यांनी खाल्लं जास्त आणि पसंतीही जास्त तीव्र चवीला दिली. तुमचं वरून मीठ घेणं यात बसतं.

घरी पडताळा घ्या. एकच भाजी दोन वाट्यांत, सारखीच गरम. पहिली वाटी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, पाच घास. घोटभर पाणी, दोन मिनिटं थांबा, मग दुसऱ्या वाटीचे पाच घास नेहमीसारखा व्हिडिओ बघत. दोन्ही वेळा खारटपणाला दहापैकी गुण द्या. दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करा. हे विसरू नका, कारण भुकेपोटी पहिले घास नेहमीच जास्त चवदार लागतात आणि निकाल चुकतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे जेवण थंड होणं. गरम अन्नातून वास जास्त उठतो, म्हणून रात्रीची भाजी वाफ येईपर्यंत गरम करून घ्या आणि लगेच खा. आपल्या मिसळीत हे डोळ्यांदेखत घडतं. रस्सा ओतल्यावर फरसाणाचा कुरकुरीतपणा काही मिनिटांचाच असतो. तेवढ्यात एक व्हिडिओ संपतो, शेवेचा लगदा होतो, तर्रीचा वास विरतो, आणि आपण म्हणतो, आज मिसळ जमली नाही!

मिठाचं मात्र मनावर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे प्रौढांनी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभराच्या आत मीठ खावं, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. मोबाइल बाजूला ठेवूनही अळणीच लागत असेल, सर्दी रेंगाळली असेल किंवा नवं औषध सुरू झालं असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : आम्ही नऊला टीव्हीसमोर पोटभर जेवतो, पण दहाला पुन्हा चिवड्याचा डबा उघडला जातो. असं का? (एक गृहिणी, इंदिरानगर)

उत्तर : पोट भरल्याची जाणीव नुसती जठर ताणल्यानं होत नाही, काय आणि किती खाल्लं याची आठवणही त्यात असते. ब्रिस्टल विद्यापीठाच्या 2011 मधल्या प्रयोगात काही जणांनी संगणकावर पत्ते खेळत जेवण केलं. त्यांना पोट कमी भरल्यासारखं वाटलं, अर्ध्या तासानं त्यांनी बिस्किटं जास्त खाल्ली, आणि नऊ पदार्थ कोणत्या क्रमानं आले तेही त्यांना नीट आठवेना.

टीव्ही बंद करणं घरात लगेच जमणार नसेल, तर निदान भांडी स्वयंपाकघरातच ठेवा. ताट एकदाच पूर्ण वाढून आणा, हवं तर उठून पुन्हा घ्या. चिवडा डब्यातून थेट नको, वाटीत काढून घ्या. आणि मालिका संपेपर्यंत जेवण लांबवू नका. भूक आणि मालिका यांची वेळ एक नसते.

प्रश्न : अडीच वर्षांची मुलगी मोबाइल लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. काय करावं? (एक आई, सिडको)

उत्तर : ती तोंड उघडते, पण जेवत नाही. घास गालात धरून ठेवणं, न चावता गिळणं ही त्याची खूण आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2021 च्या सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन चालेल; त्यातला वेळ जेवणाला देऊ नका.

सुरुवात रात्री नको, तेव्हा ती पेंगुळलेली असते. जे जेवण सोपं जातं तिथून करा, बहुधा सकाळची न्याहारी. आधीचे दोन तास दूध, बिस्किट काही नाही. दिवसाचं दूध 500 मिलीच्या आत ठेवा, नाहीतर भूकच लागत नाही. ताटात दोन चमचे वरणभात आणि पाव पोळी एवढंच, आणि तिला हातानं खाऊ द्या, सांडलं तरी. मोठ्यांनीही सोबत बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत. पंचवीस-तीस मिनिटांनी न रागावता ताट उचला, पुढचं जेवण ठरल्या वेळी.

पहिले तीन-चार दिवस रडारड होणार. इथेच बिघडतं : चौथ्या दिवशी आजी कळवळून “आजच्या दिवस” म्हणत मोबाइल देतात आणि जास्त वेळ रडलं की मिळतो, हे मूल शिकतं. त्यामुळे घरातल्या सगळ्यांशी आधी बोलून घ्या.

एक कळकळीची सूचना. आपल्याकडे नाशकात हंगामात घरोघरी द्राक्षं असतात. लहान मुलांना अख्खं द्राक्ष कधीच देऊ नका, उभे चार तुकडे करा. गुळगुळीत द्राक्ष श्वासनलिका पूर्ण बंद करू शकतं, आणि पडद्यात गुंगलेलं मूल नीट चावत नाही. शेंगदाणे, फुटाणेही अख्खे नकोत. वजन वाढत नसेल किंवा गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : सासूबाई गेल्यापासून सासरे एकटेच जेवतात, बातम्या लावून. बंद करायला सांगू का? (देवळाली कॅम्प)

उत्तर : नका सांगू. उतारवयात एकट्यानं जेवताना खाणं आधीच कमी होतं. त्या आवाजाच्या सोबतीनं दोन घास जास्त जात असतील तर ते जाऊ द्या. बातम्यांऐवजी रेडिओवरची गाणी त्यांना चालतात का बघा, डोळे ताटाकडे मोकळे राहतात. मासे, शेवग्याच्या शेंगा असतील तेव्हा मात्र टीव्ही बंदच हवा. आणि आठवड्यातून दोनदा तरी कोणी त्यांच्याबरोबर ताटावर बसलं, तर बातम्या लावायची आठवणही त्यांना होणार नाही.